माल्टाच्या परंपरांचे जन्मदाखले



ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते ते इतिहासाचे शिक्षक होते. ‘पूर्वापार चालत आलंय’ एवढ्या उत्तरावर त्यांचं कधी समाधान होत नसे. पूर्वापार म्हणजे कधीपासून, सुरू कुणी केलं, कागद कुठे आहे, हे ते विचारणारच. आजचा विषय मी त्यांच्या या सवयीला स्मरून निवडला आहे. भूमध्य समुद्रातल्या माल्टा या छोट्या देशातले सण, मिरवणुका, नवस आणि प्रार्थना कुठून आल्या, त्याचा हा शोध.

माल्टा, गोझो आणि कोमिनो ही मुख्य बेटं. सगळं क्षेत्रफळ 316 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षाही कमी. सिसिलीच्या दक्षिणेला साधारण 90 किलोमीटरवर हा देश आहे. फिनिशियन, रोमन, बायझंटाइन, अरब, नॉर्मन, अ‍ॅरागॉनचे राजे, सेंट जॉनच्या ख्रिस्ती धर्मपंथाचे नाइट म्हणजे लढवय्ये, फ्रेंच आणि शेवटी इंग्रज, इतक्यांनी तिथे राज्य केलं. 1964 साली देश स्वतंत्र झाला. आपला त्याच्याशी थोडासा संबंध आलेला आहे. 1878 साली रशिया आणि तुर्कस्तानच्या पेचात इंग्लंडचा पंतप्रधान डिझरायली याने सुमारे 7000 हिंदी सैनिक मुंबई बंदरातून माल्टाला धाडले. त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. मराठी मुलखातून गेलेल्या त्या शिपायांनी तिथल्या देवळांच्या घंटा ऐकल्या असतील, रस्त्यांच्या कोपऱ्यांवरच्या कोनाड्यांतले संत पाहिले असतील. त्यांच्यापैकी कुणी काही लिहून ठेवलं असतं तर आज ते आपल्याला सोन्याच्या मोलाचं वाटलं असतं.

माल्टाच्या संविधानातच रोमन कॅथलिक हा देशाचा धर्म असल्याचं म्हटलेलं आहे. तिथल्या परंपरांविषयी दोन प्रकारच्या गोष्टी ऐकू येतात. श्रद्धाळू माणूस म्हणतो की सगळं संत पॉलच्या पायगुणाने आलं. प्रवाशांना बेट दाखवणारा माणूस म्हणतो की सगळं फिनिशियनांपासून, नाहीतर त्याहूनही आधीच्या मातृदेवतेपासून आलं. दोन्ही गोष्टी ऐकायला छान आहेत. कागद आणि दगड मात्र काही निराळंच सांगतात, आणि ते या दोन्हींहून अधिक मोलाचं आहे असं मला वाटतं. म्हणूनच आज इथे उभा आहे.

सुरुवात दगडांपासून करतो. माल्टाच्या आग्नेयेला मार्साश्लोक्कच्या खाडीजवळ तास-सिल्ज नावाची टेकडी आहे. 1963 पासून इटालियन पुरातत्त्वज्ञांनी तिथे खोदकाम केलं. सगळ्यात खाली महापाषाणयुगीन मंदिराचे अवशेष निघाले. त्याच जागी फिनिशियनांनी अस्टार्टे देवीचं ठाणं उभारलं. रोमन काळात तीच देवी जूनो झाली. व्हेरेस नावाच्या सुभेदाराने माल्टातलं जूनोचं देऊळ लुटलं, असा आरोप सिसेरोने ख्रिस्तपूर्व 70 साली त्याच्यावरच्या खटल्यात केला होता. ते देऊळ हेच. पुढे त्याच आवारात ख्रिस्ती चर्च झालं, बाप्तिस्म्याचं कुंड बसवलं गेलं. पवित्र मानलेली जागा देव बदलूनही पवित्र राहिली, याचं इतकं स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

पण त्या टेकडीवर आज काय आहे? कुंपण, उत्खननाचे चर आणि जवळच हिमाच्या माउलीचं एक लहानसं चर्च. माल्टाच्या गाजलेल्या जत्रांपैकी एकही तिथे भरत नाही. जिथे जागेचं सातत्य सर्वांत पक्कं आहे तिथे जिवंत परंपरा नाही, आणि जिथे हजारो माणसं मिरवणुकीत चालतात तिथली मुळं बहुधा चारशे वर्षांच्या आतली निघतात. मातृदेवता ते मरियम अशी सरळ रेघ ओढणाऱ्यांनी या टेकडीचा विचार करावा. मंदिरं बांधणारी ती संस्कृती ख्रिस्तपूर्व 2500 नंतरच्या काही शतकांत लयाला गेली. तिच्यातलं काही आजच्या नोव्हेनापर्यंत, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेपर्यंत, पोहोचलं असं दाखवणारा एकही दुवा कुणाच्या हाती नाही.

मासेमारी नावांवरच्या डोळ्यांचंही असंच. लुत्सू नावाच्या त्या रंगीत नावेच्या नाळेवर दोन्ही बाजूंना डोळे कोरलेले असतात, आणि ते ओसायरिसचे किंवा फिनिशियनांचे, असं प्रत्येक पोस्टकार्डावर छापलेलं सापडतं. भूमध्य समुद्रात नावेला डोळे काढण्याची चाल प्राचीन आहे, हे खरं. पण मधल्या दोन हजार वर्षांचा पुरावा नसताना एका टोकाची गाठ दुसऱ्या टोकाशी मारायची, याला इतिहास म्हणता येत नाही. एवढं सांगून पुढे जातो, कारण खरोखर खोल गेलेली एक गोष्ट माल्टात आहे आणि तिच्याकडे प्रवासी सोडाच, कित्येक शतकं माल्टाच्या विद्वानांनीही पाहायचं टाळलं.

ती गोष्ट म्हणजे तिथल्या प्रार्थनेची भाषा. माल्टी ही सिसिलीच्या अरबीतून वाढलेली, रोमन लिपीत लिहिली जाणारी भाषा आहे. माल्टाचा कॅथलिक माणूस देवाला ‘अल्ला’ म्हणतो. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपासाला तो ‘रान्दान’ म्हणतो, आणि हा शब्द रमजानवरून आला आहे. ईस्टरला जो शब्द आहे तो ‘ईद’चाच माल्टी अवतार. नाताळला ‘मिलीद’ म्हणतात, तोही अरबीतला जन्मवाचक शब्द. गुड फ्रायडे म्हणजे ‘इल-जिमा ल-क्बीरा’, मोठा जुम्मा. चर्च, पाद्री, बाप्तिस्मा, सगळ्यांची नावं अरबी घराण्यातली. मुख्य चर्च ज्या जुन्या राजधानीत आहे तिचं नावच म्दिना.

मी इथे शब्दांची गंमत सांगत नाही, पुरावा सांगतो आहे. हा पुरावा कशाचा, यावर माल्टात शतकानुशतकं वाद झाला. 870 साली अरबांनी बेट जिंकलं. त्यानंतर काय झालं? जान फ्रांचेस्को आबेला हा माल्टाच्या इतिहासलेखनाचा जनक मानला जातो. 1647 साली आलेल्या त्याच्या ग्रंथात ठाम सूर असा की संत पॉलने लावलेली ख्रिस्ती श्रद्धा अरबांच्या काळातही विझली नाही. काउंट रॉजर हा नॉर्मन सरदार 1091 साली आला आणि त्याने फक्त बेड्या तोडल्या. हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या शाळांत शिकवलं गेलं, चर्चच्या छतांवर रंगवलं गेलं.

मग अल-हिम्यारी नावाच्या अरब भूगोलकाराची एक नोंद अभ्यासकांसमोर आली. जोसेफ ब्रिंकाट या भाषाशास्त्रज्ञाने 1990 च्या दशकात तिचा अर्थ नीट उलगडून दाखवला. नोंद सांगते की 870 च्या स्वारीनंतर बेट ओसाड पडलं. लोक तिथे फक्त लाकूड, मासे आणि मध न्यायला येत. पुढे 1048-49 च्या सुमारास मुसलमान वसाहतवाले आले आणि त्यांनी शहर पुन्हा उभारलं. ही नोंद अक्षरशः मानायची तर जुनी भाषा, जुना धर्म, जुनी कुटुंबं यांचा धागा तुटलेलाच होता. गॉडफ्रे वेटिंजर या इतिहासकाराने कागदपत्रांच्या आधारे हेच मांडलं आणि पुष्कळ रोष ओढवून घेतला. उलट बाजूने 2010 साली एका ग्रीक कवितेचं संपादन प्रसिद्ध झालं. बाराव्या शतकात गोझोवर हद्दपार झालेल्या कवीची ती कविता आहे. अरब काळातही तिथे ख्रिस्ती वस्ती टिकून होती, असं तिच्या संपादकांचं म्हणणं. वाद मिटलेला नाही. माझा कल वेटिंजरकडे आहे, कारण भाषेची साक्ष मला सर्वांत वजनदार वाटते. अरबांच्या आधीच्या कुठल्याही भाषेचे ठळक थर माल्टी बोलीत सापडत नाहीत. लोक जागेवर असते तर त्यांची बोली इतकी निःशेष पुसली गेली नसती.

रॉजर आल्यावर लगेच बेट ख्रिस्ती झालं असंही नाही. गोझोच्या संग्रहालयात मैमुना नावाच्या मुलीची समाधिशिला आहे. कूफी या अरबी लिपीत कोरलेल्या त्या संगमरवरी शिळेवर 1174 हे वर्ष आहे. म्हणजे नॉर्मन आल्याला ऐंशीहून अधिक वर्षं उलटल्यावरही तिथलं एखादं सधन कुटुंब आपल्या लेकीसाठी कुराणातल्या ओळी कोरून घेत होतं. शिळेच्या पाठीवर आधीच्या रोमन काळातलं नक्षीकाम आहे. तेराव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुसलमान तिथे होते. मग सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्या काळात काहींना बेट सोडावं लागलं आणि काहींनी धर्म बदलला. धर्म बदलला, पण घरातली बोली तीच राहिली. नव्या देवासाठी तोंडात जुनेच शब्द होते. आज माल्टाची आजी जपमाळ ओढताना जे पुटपुटते, ती तिच्या परंपरेतली बहुधा सर्वांत जुनी गोष्ट आहे, आणि तिचा उगम चर्चमध्ये नाही.

मराठी श्रोत्याला हे फार अनोळखी वाटू नये. 1616 साली छापलं गेलेलं ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी रचलं, तेव्हा त्यांनी ओवी घेतली, पुराण हे नाव घेतलं, स्वर्गासाठी वैकुंठ घेतलं. फरक एवढाच की स्टीफन्स यांनी ते जाणून-उमजून केलं. माल्टात ते सामान्य माणसांच्या तोंडी आपोआप घडलं आणि पुढे विद्वानांनी त्याची लाज बाळगली. त्यांना आपली भाषा अरबी म्हणवत नव्हती. फिनिशियन म्हटलं की तिला बायबलकाळातलं कूळ मिळे. ‘सगळं फिनिशियनांपासून’ या आजच्या समजाच्या मुळाशी ही जुनी लाज आहे, असं मला वाटतं.

आता संत पॉलकडे येतो, कारण त्याच्याशिवाय माल्टाविषयी बोलताच येत नाही. बायबलच्या नव्या करारात, प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात कथा आहे. पॉलला कैदी म्हणून रोमला नेत असताना वादळात जहाज फुटलं आणि 276 माणसं पोहून, फळ्यांना धरून एका बेटावर लागली. तिथल्या लोकांनी पावसात त्यांच्यासाठी शेकोटी पेटवली. सरपणातून निघालेला साप पॉलच्या हाताला डसला, पण त्याला काही झालं नाही. बेटाचा प्रमुख पब्लियस याच्या आजारी वडिलांना पॉलने बरं केलं. तीन महिने राहून तो पुढे गेला. ही घटना इसवी सन 60 च्या सुमाराची मानतात. दर 10 फेब्रुवारीला राजधानी व्हॅलेटात तिचा उत्सव होतो. सतराव्या शतकातला माल्टी शिल्पकार मेल्कियोर काफा याने घडवलेली पॉलची लाकडी मूर्ती खांद्यांवरून मिरवली जाते.

पॉलवरची ही भक्ती अखंड दोन हजार वर्षांची आहे का? 1536 साली माल्टाचं पहिलं छापील वर्णन लिहिणाऱ्या झां क्विंटिनला ती लोकांत पक्की दिसली होती. म्हणजे नाइट मंडळींनी ती शून्यातून उभी केली नाही. पण तिचं आजचं रूप कुठून आलं, ते पाहायचं तर म्दिनाला लागून असलेल्या रबातमधल्या गुहेत उतरावं लागतं. पॉल त्या गुहेत राहिला अशी श्रद्धा आहे. सोळाशेच्या सुमारास स्पेनमधल्या कोर्दोबाचा हुआन बेनेगास नावाचा एक गृहस्थ माल्टात आला, संन्याशाची वस्त्रं ल्याला आणि त्या गुहेशी राहिला. त्याने रोमकडे खटपट केली. 1607 साली पोपकडून मान्यता आणि सवलती मिळवल्या, गुहेवर चर्च उभं करवलं. 1617 साली त्याने हे स्थान सेंट जॉनच्या नाइटांच्या स्वाधीन केलं. त्यांचा तेव्हाचा प्रमुख, ग्रँड मास्टर विन्याकूर, याने त्या स्थानाला राजाश्रय दिला. तिथून पुढे युरोपातून यात्रेकरू येऊ लागले, मोठे लोक भेट देऊ लागले, पुस्तकं छापली गेली. माल्टाच्या सर्वांत माल्टी भक्तिस्थानाची घडी बसवणारा माणूस बाहेरून आलेला स्पॅनिश संन्यासी होता, हे माल्टाबाहेर फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्या गुहेच्या भिंती मऊ, पांढऱ्या चुनखडीच्या आहेत. तिथला दगड कितीही खरवडून नेला तरी कमी होत नाही, अशी ख्याती पसरली. ती पूड पाण्यात किंवा द्राक्षारसात कालवून ताप आणि विषावर घेत. मातीच्या टिकल्या करून त्यांवर पॉलचा शिक्का मारत, आणि त्या युरोपभरच्या औषधविक्यांकडे जात. तिच्याच जोडीला आणखी एक वस्तू होती. माल्टाच्या खडकांत त्रिकोणी, चकचकीत, धारदार कडेचे दगड सापडत. लोक त्यांना सापाच्या जिभा म्हणत. पॉलने बेटावरच्या सापांचं विष काढून घेतलं आणि त्यांच्या जिभा दगड झाल्या, अशी कथा. राजेरजवाड्यांच्या मेजांवर हे दगड चांदीच्या झाडांना टांगलेले असत. पेयात विष कालवलं असेल तर ते कळेल किंवा उतरेल, हा विश्वास. गरीब माणूस तोच दगड गळ्यात ताईतासारखा बांधे.

1666 साली इटलीत लिव्होर्नोजवळ एक प्रचंड शार्क पकडला गेला. त्याचं डोकं फ्लॉरेन्सला निकोलास स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाकडे तपासणीला आलं. त्याने दात पाहिले आणि ओळखलं की या ‘जिभा’ म्हणजे शार्कचेच दात आहेत. चार वर्षांनी सिसिलीचा चित्रकार आगोस्तिनो शिल्ला याने माल्टातल्या जीवाश्मांची सुंदर चित्रं काढून हेच मांडलं. समुद्रातल्या प्राण्याचा दात डोंगराच्या खडकात कसा गेला, या प्रश्नाने स्टेनो अस्वस्थ झाला. त्याचं उत्तर शोधता शोधता खडकांचे थर एकावर एक साचत जातात हा भूशास्त्राचा पाया त्याने घातला. पुढे स्टेनो स्वतः कॅथलिक झाला, बिशप झाला. त्याच्यापुरता श्रद्धा आणि शोध यांत झगडा नव्हता, आणि म्हणूनच मला त्याच्याविषयी फार आदर वाटतो. पॉलच्या चमत्कारावर विश्वास ठेवून ज्या गोरगरिबांनी ते दात वेचले, जपले आणि देशोदेशी पोहोचवले, त्यांचाही या शास्त्राच्या जन्मात वाटा आहे.

हा बाजार आणि ही भक्ती नाइटांनाही हवी होती. 1530 साली सम्राट पाचवा चार्ल्स याने त्यांना बेट दिलं, आणि त्यांना लोकांपुढे आपलं राज्य देवाच्या योजनेत बसवून दाखवायचं होतं. इग्नाझियो जॉर्जी या दालमेशियातल्या मठवाशाने 1730 साली पॉलचं जहाज माल्टाला नव्हे तर एड्रियाटिक समुद्रातल्या म्ल्येत बेटाला लागलं, असा ग्रंथ लिहिला, तेव्हा माल्टात खळबळ उडाली आणि उलट ग्रंथ निघाले. प्रश्न भूगोलाचा होता, पण पणाला देशाची ओळख लागली होती.

आता एक कमी सांगितला जाणारा धागा. माल्टात आजही काही घरांत दृष्ट काढायची पद्धत आहे. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, पाम संडेला, चर्चमध्ये मंत्रवलेली ऑलिव्हची पानं जपून ठेवतात, ती निखाऱ्यावर जाळून धूर घरभर फिरवतात आणि प्रार्थना म्हणतात. ही चाल अरब काळापासूनची, असं कुणी सहज म्हणेल. पण म्दिनाच्या कॅथीड्रलमध्ये माल्टाच्या इन्क्विझिशनचं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचं, दफ्तर जपलेलं आहे. सोळाव्या शतकापासून 1798 पर्यंतचे कागद त्यात आहेत. त्यातल्या जादूटोण्याच्या खटल्यांत वारंवार एकच प्रकार समोर येतो: गावातली ख्रिस्ती बाई, तिचं आजारी मूल किंवा रुसलेला नवरा, आणि उपायासाठी तिने गाठलेला मुसलमान गुलाम.

नाइटांच्या जहाजांनी समुद्रात पकडलेले हे गुलाम व्हॅलेटाच्या गुलामखान्यात राहत. रात्री कोंडलेले, दिवसा मात्र कामासाठी शहरात फिरणारे. वल्ही मारणं, पाणी वाहणं, घरकाम ही त्यांची कामं. त्यांच्यातल्या काहींना लिहिता येई, आणि ते ताईत लिहून देत, धूप देत, हरवलेल्या वस्तूचा माग सांगत. त्यासाठी दोन पैसे मिळत, आणि तेच पैसे साठवून सुटका विकत घेण्याची आशा असे. ख्रिस्ती बायका त्या धुपात आपली मंत्रवलेली पानं, मेणबत्तीचं मेण, संतांची नावं मिसळत. भीती आणि गरज दोन्हीकडे सारखीच होती. गुलाम आणि गृहिणी एका चुलीपाशी बसून एक विधी रचत होते. आजच्या धुरीतला नेमका कोणता भाग कुठून आला, हे सोडवून सांगता येणार नाही. पण माल्टाच्या घरगुती श्रद्धेत इस्लाम एकदाच, मध्ययुगात आला आणि गेला, हे मात्र या दफ्तरापुढे टिकत नाही. तो पुन्हा साखळदंडांत आला. ज्यांच्या नावाची कुणी मिरवणूक काढत नाही अशा त्या माणसांनीही माल्टाची परंपरा घडवली. हे बोलताना माझं मन भरून येतं.

नाताळाविषयी थोडक्यात सांगतो. डिसेंबरच्या आधी काही आठवडे माल्टात जुल्बीना पेरतात. ही एक प्रकारची कडधान्याच्या जातीची वेल. थाळीत कापूस घालून बिया पेरायच्या, अंधाऱ्या कपाटात ठेवायच्या आणि पाणी द्यायचं. उजेड नसल्याने कोंब पांढरेशुभ्र, लांब, केसांसारखे वाढतात, आणि ते गव्हाणीतल्या बाळाभोवती मांडतात. आपल्याकडे नवरात्रात घटाभोवती पिवळसर धान वाढतं, तसंच हे दिसतं. भूमध्य प्रदेशात अशी रोपं प्राचीन काळी अडोनिसच्या उत्सवात वाढवत. त्या आठवणीशी याचं नातं असेल असं पुष्कळांना वाटतं. ही चाल गव्हाणीच्या देखाव्याबरोबर सिसिलीकडून आली, हे मला जास्त संभवनीय वाटतं.

नाताळच्या आदल्या रात्री चर्चमध्ये एक लहान मूल प्रवचन देतं. पाद्री गप्प बसून ऐकतो, मूल येशूच्या जन्माची कथा पाठ म्हणतं आणि आईबाप श्वास रोखून बसतात. कितीतरी माल्टी लोकांना ही चाल अनादी वाटते. तिची पहिली नोंद 1883 सालची, लुआ या गावातली आहे. त्याच रात्री बाळ येशूची मूर्ती घेऊन गावातून मुलांची मिरवणूक निघते, ती तर 1921 पासूनची. ती सुरू केली जॉर्ज प्रेका या पाद्र्याने. 1880 साली व्हॅलेटात जन्मलेला हा माणूस. 1907 साली त्याने तरुण कामगारांना जमवून म्युझियम नावाची संस्था काढली. बायबलचं ज्ञान फक्त शिकलेल्यांचं नाही, गोदीत काम करणाऱ्याने ते माल्टी भाषेत इतरांना शिकवावं, हे त्याचं म्हणणं. वरिष्ठांना ते इतकं धाडसाचं वाटलं की काही काळ संस्थेच्या शाखा बंद करायचा हुकूम निघाला. मग चौकशा झाल्या आणि 1932 साली मान्यता मिळाली. 2007 साली प्रेका माल्टाचा पहिला संत झाला. ज्या भाषेची विद्वानांना लाज वाटत होती, तीच भाषा प्रेकाने धर्मशिक्षणाची भाषा केली. पोरांच्या त्या मिरवणुकीत मला त्याचं हे काम अजून चालताना दिसतं.

उन्हाळ्यात माल्टात गावोगावी ‘फेस्ता’ होते, म्हणजे गावच्या संताचा उत्सव. मूर्तीची मिरवणूक, रस्त्यांवर पताका आणि लाकडी पुतळे, रात्रीची दारूकामाची आतषबाजी, आणि सगळ्याच्या मध्यभागी बँड. हे बँड कुठले? इंग्रज 1800 साली आले आणि त्यांच्याबरोबर पलटणींचे बँड आले. चौकात त्यांचं वाजवणं ऐकून माल्टी तरुणांनी ती वाद्यं उचलली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगावी बँड क्लब निघाले. प्रॉटेस्टंट राज्यकर्त्यांचं लष्करी संगीत कॅथलिक संतांच्या पुढे वाजू लागलं. दारूकामाची परंपरा त्याआधीची आहे. ग्रँड मास्टरची निवड, युरोपातल्या राजघराण्यात जन्म, अशा प्रसंगी नाइट मंडळी तोफा आणि आतषबाजी करत. राजदरबारचं ते वैभव गावातल्या हौशी माणसांनी हळूहळू आपल्या संताला वाहिलं. दारू बनवणारे सगळे हौशी, दिवसभर नोकरी करून संध्याकाळी कारखान्यात जाणारे. तिथे स्फोट होतात, माणसं जातात, आणि तरीही पुढच्या वर्षी मुलगा बापाच्या जागी उभा राहतो.

जेरेमी बोइसव्हेन या डच मानववंशशास्त्रज्ञाने 1960-61 साली माल्टाच्या एका खेड्यात राहून याचा अभ्यास केला. 1965 साली त्याचं पुस्तक आलं. एकाच गावात दोन संतांचे दोन गट असतात, एक मुख्य संताचा आणि एक दुय्यम संताचा. ते आतषबाजीत, सजावटीत, बँडमध्ये एकमेकांवर मात करायला पाहतात. लग्नसंबंधांपासून राजकारणापर्यंत त्याचे पडसाद उमटतात. हे सगळं त्याने बारकाईने लिहिलं आणि भाकीत केलं की शिक्षण, स्थलांतर, शहरीकरण यांनी फेस्ता ओसरत जाईल. झालं उलट. सत्तरच्या दशकापासून मिरवणुका वाढल्या, आतषबाजी वाढली, गुड फ्रायडेच्या मिरवणुकांत नव्या मूर्ती आणि नवे पोशाख आले. बोइसव्हेन पुन्हापुन्हा माल्टात गेला आणि आपलं भाकीत का चुकलं यावर त्याने आयुष्यभर लिहिलं. 1992 साली युरोपातल्या अशाच पुनरुज्जीवित उत्सवांवर त्याने एक ग्रंथ संपादित केला. परदेशी गेलेली माणसं सुट्टीत फेस्तालाच परत येत होती, आणि शेजारपाजार विरळ होत चालल्यावर रस्त्यावर एकत्र जमायचं निमित्त लोकांना अधिकच हवं होतं, असा त्याचा निष्कर्ष. 2023 साली युनेस्कोने माल्टाच्या गावफेस्ताला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

शेवटी एका सणाविषयी, कारण त्याचा नवा अर्थ साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत जन्मला. 15 ऑगस्ट हा मरियमच्या स्वर्गारोहणाचा सण, माल्टात ‘सान्ता मारिया’. तो मध्ययुगापासूनचा आहे. 1942 च्या उन्हाळ्यात माल्टाला जर्मन आणि इटालियन विमानांनी घेरलं होतं. पीठ, तेल, इंधन संपत आलं होतं, शरणागतीची तारीख मोजली जात होती. ऑगस्टमध्ये 14 मालवाहू जहाजांचा काफिला जिब्राल्टरमार्गे निघाला आणि वाटेत नऊ जहाजं बुडाली. पाच पोहोचली. त्यांतलं शेवटचं ओहायो हे तेलवाहू जहाज बॉम्ब आणि टॉर्पेडोंनी मोडलेलं होतं, यंत्रं बंद पडलेली, मधोमध खचलेलं. दोन्ही बाजूंना दोन विनाशिका बांधून त्याला ओढत आणलं गेलं. 15 ऑगस्टच्या सकाळी ते ग्रँड हार्बरमध्ये शिरलं तेव्हा तटबंदीवर उभी असलेली माणसं रडत होती आणि एक बँड वाजत होता. त्या काफिल्याला माल्टी माणूस आजही सान्ता मारियाचा काफिला म्हणतो. या सणाच्या दिवशी तो मरियमच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावतो, तेव्हा त्याच्या प्रार्थनेत त्या मोडक्या तेलवाहू जहाजावरचे खलाशीही असतात. त्यांच्यातले पुष्कळजण बहुधा प्रॉटेस्टंट होते आणि माल्टी भाषेतला एक शब्दही त्यांना येत नसावा.